हरवलेलं वाचनालयाचं कार्ड: पुस्तकांचा भुर्दंड कोणावर?

सोडाल्यातल्या आणि जयपूरभरच्या मराठी वाचकांनो, कार्ड हरवलं तर ही माहिती हाताशी असू द्या.

बहुतेक ग्रंथालयांचा नियम सरळ आहे: कार्ड हरवल्याची लेखी सूचना देईपर्यंत त्यावर गेलेल्या पुस्तकांची जबाबदारी सभासदाची. पुस्तक परत आलं नाही तर किंमत त्याच्याकडून किंवा त्याच्या अनामत रकमेतून वसूल होते.

हा कडकपणा जुना आहे. पुस्तक देवघेवीच्या जुन्या ब्राऊन पद्धतीत सभासदाच्या खिशासारख्या तिकिटात पुस्तकाचं कार्ड सरकवून ते ट्रेमध्ये लावत. तिकीट ज्याच्या हाती, पुस्तक त्याचं! आज बारकोड आला, पण अनेक ठिकाणी फोटो न पाहताच पुस्तक दिलं जातं.

बँक कार्डाला मात्र रिझर्व्ह बँकेच्या 6 जुलै 2017 च्या परिपत्रकाने संरक्षण दिलं: तक्रार नोंदवल्यानंतरचं नुकसान बँकेचं. वाचनालयाच्या कार्डाला ते लागू नाही.

म्हणून कार्ड हरवताच:
✅ लगेच फोन करा, मग लेखी अर्ज द्या
✅ अर्जाच्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या
✅ नावावरच्या पुस्तकांची यादी मागा
✅ न नेलेलं पुस्तक दिसलं तर तिथल्या तिथे लेखी हरकत घ्या

पोचपावती जपून ठेवा. वाद झाला तर तोच तुमचा पुरावा.