अश्वत्थाम्याचा खरा शाप

१९९० च्या उन्हाळ्यातला एक रविवार. तेव्हा आमच्याकडे रेल्वे आलेली नव्हती. कणकवली तालुक्यातलं नांदगाव ओळखलं जायचं ते तिठ्यामुळे, महामार्गावरून देवगडचा रस्ता फुटतो त्या जागेमुळे. वाडीत टीव्ही एकाच घरी. पडवीपासून खळ्यापर्यंत माणसं दाटीवाटीने बसून 'महाभारत' बघत होती. त्या भागात अश्वत्थाम्याच्या कपाळावरचा मणी गेला आणि त्याला शाप मिळाला. भाग संपला, पण कोणी उठेना.

"त्येका मरान येणा नाय, ह्याच्यापरास मोठी शिक्षा खयची?" एक काका म्हणाले.

"मगे हनुमंताचा काय? तो पण मरणा नाय मां?" एका पोराने विचारलं.

वाद दुपारपर्यंत चालला. शेवटी दाराशी बसलेल्या आजीने सगळ्यांना गप्प केलं: "तो दारात तेल मागूक इलो तर तुमी देतल्यात काय?"

बी. आर. चोप्रांची ती मालिका २ ऑक्टोबर १९८८ ला सुरू झाली आणि २४ जून १९९० ला संपली. भाग एकूण ९४. पण भाग संपल्यावर वाद घालण्याची सवय आम्हाला टीव्हीने लावलेली नाही. ती दशावतारी नाटकाची, आमच्या भाषेत धयकाल्याची. जत्रेत रात्री उशिरा आख्यान उभं राहतं. संहिता लिहिलेली नसते. कथा आणि प्रवेश ठरतात, संवाद नट रंगमंचावर उभ्या उभ्या रचतो. कथा प्रेक्षकांना पाठ असते. ते जागतात ते कोणी कोणाला काय उत्तर दिलं हे ऐकायला. पहाटे दहीहंडी फुटते आणि घरी परतताना त्याच उत्तरांची उलटतपासणी सुरू होते. पुढे कोकणातल्याच आकेरी गावात चित्रित झालेल्या 'रात्रीस खेळ चाले' या मालिकेच्या तिसऱ्या पर्वात, २०२१ मध्ये, अण्णा नाईक आणि शेवंता ही पात्रं मेल्यावरही परतली, तेव्हाही कोकणातल्या घराघरांत असाच कीस पाडला गेला.

त्या पोराच्या प्रश्नाचं उत्तर मात्र ग्रंथांतच शोधावं लागतं. परंपरा सात चिरंजीव मानते: अश्वत्थामा, बळी, व्यास, हनुमान, बिभीषण, कृप आणि परशुराम. चिरंजीव म्हणजे दीर्घकाळ जगणारा. म्हणून तर लग्नपत्रिकेत आपण मुलाच्या नावाआधी 'चि.' छापतो. आशीर्वाद आयुष्याचा असतो, कधीच न मरण्याचा नव्हे. या सातांमध्ये दोघांची आयुष्यं एकमेकांसमोर ठेवून पाहण्यासारखी आहेत.

रामायणाच्या उत्तरकांडात हनुमान रामाकडे मागणं मागतो: पृथ्वीवर रामकथा चालू राहील तोवर मला प्राण असावेत. म्हणजे त्याचं आयुष्य वर्षांत मोजलेलंच नाही, ते कथा सांगणाऱ्यांच्या हाती आहे. म्हणूनच रामकथेच्या वेळी त्याच्यासाठी आसन मांडण्याची प्रथा आहे. तो येऊन ऐकतो, हा विश्वास.

अश्वत्थाम्याचं वेगळं. त्याने झोपेतल्या माणसांना मारलं. द्रौपदीचे पाच मुलगे गेले. मग उत्तरेच्या गर्भावर अस्त्र सोडलं. महाभारताच्या सौप्तिकपर्वात कृष्ण त्याला जो शाप देतो, त्याची मुदत तीन हजार वर्षांची आहे. अमरत्वाचा शब्द तिथे नाही, ते पुढे लोकांनी जोडलं. शापाची धार वेगळीच आहे: तू एकटा भटकशील, तुला सोबत नसेल आणि कोणाशी बोलणंही घडणार नाही.

मला वाटतं, शापाचा गाभा जखमेत किंवा लांबलेल्या आयुष्यात नाही, या शेवटच्या वाक्यात आहे. एकाला कथा ऐकत राहण्याचं आयुष्य मिळालं, दुसऱ्याला बोलायला माणूस नसलेलं. दोघेही चिरंजीव. पण एक माणसांत आहे आणि एक माणसांबाहेर. काकांना शिक्षा अचूक दिसली होती, तिचं नाव मात्र मरण नसणं हे नव्हतं.

आणि लोकांनी तर ही शिक्षाही पुरती मान्य केली नाही. नंदुरबार जिल्ह्यात सातपुड्यातल्या अस्तंबा शिखरावर अश्वत्थाम्याचं स्थान मानतात आणि दिवाळीच्या सुमारास आदिवासी भाविक ते चढून जातात. महाराष्ट्रात इतरत्रही सांगतात की, कपाळावरच्या जखमेसाठी तो दारोदार तेल मागत फिरतो. आता तेल मागायचं तर दाराशी उभं राहावं लागतं, हाक मारावी लागते. घरातून कोणीतरी 'कोण?' म्हणून विचारतं. ग्रंथाने त्याचं बोलणं बंद केलं होतं, लोककथेने त्याला निदान एवढे दोन शब्द परत दिले.

आजीने त्या दिवशी अश्वत्थामा दोषी की निर्दोष हे विचारलंच नव्हतं. तिने विचारलं होतं ते आमच्याबद्दल. तो दारात आला तर आम्ही दार उघडू का? पडवीत जमलेल्यांपैकी तेव्हा कोणी उत्तर दिलं नाही. थोड्या वेळाने ते काका मात्र हळूच म्हणाले, "देतलंव. देवक व्हया."