जपानच्या शाळेतील परदेशी मास्तर

दरवर्षी जुलैअखेरीस आणि ऑगस्टच्या आरंभी टोकियोच्या विमानतळांवर परदेशी पदवीधरांचे तांडे उतरतात. दोन-तीन दिवसांच्या प्रशिक्षण शिबिरानंतर त्यांची पांगापांग होते. कोणी होक्काइदोतील एखाद्या मच्छीमार बंदरात, कोणी क्यूशूच्या डोंगराळ गावात, तर कोणी नकाशावर भिंग लावून शोधावे लागेल अशा बेटावर जाऊन पोहोचतो. यांतील अनेकांना जपानी भाषा जुजबीच येते. अध्यापनाची पदविका तर सक्तीचीही नाही. तरीही पुढील किमान एक वर्ष हे तरुण सरकारी शाळांत इंग्रजीचे शिक्षक, अधिक काटेकोरपणे सांगायचे तर 'सहायक भाषा शिक्षक', म्हणून वावरणार असतात.

'जपान एक्स्चेंज अँड टीचिंग' अर्थात 'जेट' या नावाने ओळखली जाणारी ही योजना १९८७ मध्ये सुरू झाली. अमेरिकेशी व्यापारातील तफावतीवरून जपानच्या कुरबुरी चालू असतानाचा तो काळ. श्रीमंत झालेला जपान जगाकडे पाठ फिरवून बसला आहे, ही टीका पुसून काढणे हा योजनेचा एक हेतू होता. मुलांचे इंग्रजी सुधारणे हा दुसरा. पहिल्या वर्षी अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड या चारच देशांतून ८४८ जण आले. २००२ मध्ये हा आकडा ६ हजार २७३ वर गेला. आजही तो पाच हजारांच्या वर आहे आणि देशांची यादी लांबली आहे. भारतातूनही अल्प संख्येने उमेदवार निवडले जातात.

परदेशी शिक्षकाच्या नोकरीविषयी आपल्याकडे दोन टोकांच्या समजुती आढळतात. एक म्हणजे ही पगारी सहल आहे, आणि दुसरी म्हणजे हा परदेशात कायम स्थिरावण्याचा सोपा जिना आहे. प्रत्यक्षात या दोन्हींपैकी काहीच खरे नाही. हा मास्तर गावात राहतो, पण गावचा होत नाही; आणि त्याची नोकरी नेमकी कोणाकडे आहे, यावर त्याचे सारे दैनंदिन जीवन अवलंबून असते.

चपला दाराशी, दप्तर शिक्षककक्षात

शाळेचा दिवस साधारण सव्वाआठला सुरू होतो. दाराशी बाहेरची पादत्राणे काढून कप्प्यात ठेवायची आणि आतले बूट घालायचे, हा पहिला धडा. शिक्षकांना स्वतंत्र खोल्या नसतात. एका मोठ्या कक्षात मेजे एकमेकांना लावून मांडलेली असतात आणि सकाळची छोटी सभा तेथेच होते. ती सगळी जपानीत. आज तिसऱ्या तासाला आपला वर्ग रद्द झाला आहे, हे परदेशी शिक्षकाला पुष्कळदा तिसऱ्या तासालाच कळते. जपानी शिक्षकांना आडनावापुढे 'सेंसेई' लावून हाक मारतात. परदेशी शिक्षकाच्या मात्र बहुधा पहिल्या नावापुढे ते लागते. यात आपुलकी आहे, तसेच किंचित अंतरही आहे.

वर्गात तो एकटा नसतो. जपानी शिक्षक मुख्य आणि हा सहायक, अशी 'जोडअध्यापना'ची पद्धत आहे. जोडी जमली तर तास रंगतो. नाही जमली तर धडा मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या ध्वनिफितीचे काम तेवढे उरते. हे शिक्षक स्वतःची थट्टाही 'मानवी टेपरेकॉर्डर' अशीच करतात. त्यामागे कारण आहे. माध्यमिक शाळेतील मुलांचे डोळे उच्च माध्यमिक प्रवेश परीक्षेकडे लागलेले असतात आणि त्या परीक्षेचा भर दीर्घकाळ वाचन व व्याकरणावर राहिला आहे. बोलता येण्याला गुण नसतील, तर बोलायला शिकवणाऱ्याला वर्गात कितीशी जागा मिळणार? टोकियो महानगराने २०२२ मध्ये सरकारी शाळांतील नववीच्या विद्यार्थ्यांसाठी संभाषणाची परीक्षा सुरू केली, तेव्हा ती प्रवेशाच्या गुणांत धरावी की नाही यावरून मोठा वाद झाला.

प्राथमिक शाळांत चित्र वेगळे आहे. तेथे पाचवी-सहावीसाठी 'परकीय भाषा उपक्रम' २०११ मध्ये सक्तीचा झाला. २०२० पासून तो तिसरी-चौथीपर्यंत खाली आला आणि पाचवी-सहावीला इंग्रजी हा रीतसर विषय झाला. सर्व विषय शिकवणाऱ्या वर्गशिक्षकाला अचानक इंग्रजीही शिकवणे भाग पडले, तेव्हा या सहायकाचे महत्त्व वाढले. नावाला सहायक, पण तास प्रत्यक्षात त्यानेच घ्यायचा, असेही अनेक ठिकाणी घडते.

दुपारचे जेवण वर्गातच. पांढरे अंगरखे व टोप्या घातलेली मुले स्वतः वाढतात, सगळ्यांना एकच पदार्थ, बरोबर दूध. जेवणानंतर मुलेच वर्ग, जिने आणि स्वच्छतागृहे झाडून-पुसून काढतात, आणि शिक्षकही हातात फडके घेतो. परदेशी शिक्षकाला मुलांची खरी ओळख होते ती याच तासाभरात. मराठी घरातून जाणाऱ्या शाकाहारी उमेदवाराने मात्र एक गोष्ट ध्यानात घ्यावी. नुसत्या भाज्यांच्या सुपातही सुकवलेल्या बोनिटो माशाचा अर्क असतो आणि जपानी माणसाच्या लेखी तो 'मासा' नसतो. डबा न्यायचा असेल तर शाळेला आधी समजावून सांगावे लागते.

११ मार्च २०११ च्या भूकंप आणि त्सुनामीत जेट योजनेतील दोन अमेरिकी शिक्षक मृत्युमुखी पडले. एक इशिनोमाकी येथे, दुसरा रिकुझेनताकाता येथे. इशिनोमाकीतील शिक्षिकेच्या कुटुंबीयांनी पुढे त्या भागातील शाळांना इंग्रजी पुस्तकांचे वाचनकोपरे उभारून दिले. सहायक असला, पाहुणा असला, तरी संकटात तो गावाबरोबरच असतो, हे त्या दिवशी दिसले.

मात्सुएचा पहिला मास्तर

जपानला परदेशी इंग्रजी शिक्षक नवा नाही. १८४८ मध्ये, देशाची दारे बंद असतानाच, रॅनल्ड मॅक्डोनाल्ड हा तरुण होक्काइदोजवळ मुद्दाम उतरला, पकडला गेला आणि नागासाकीच्या नजरकैदेत असताना त्याने १४ दुभाष्यांना इंग्रजी शिकवले. मात्र या व्यवसायाचा खरा पूर्वज मानायचा तर लाफ्काडिओ हर्न याला. आयरिश पिता आणि ग्रीक मातेचा हा पुत्र १८९० मध्ये पश्चिम जपानातील मात्सुए या गावी शाळामास्तर म्हणून आला. सव्वा वर्षच तो तेथे राहिला. तेवढ्यात त्याने कोइझुमी सेत्सु या सामुराई घराण्यातील स्त्रीशी संसार मांडला, गावाच्या भुताखेतांच्या गोष्टी ऐकल्या, आणि तेथील कडाक्याच्या थंडीला कंटाळून कुमामोतोची नोकरी धरली. १८९६ मध्ये जपानी नागरिकत्व घेऊन तो कोइझुमी याकुमो झाला. टोकियोच्या विद्यापीठातील त्याची जागा १९०३ मध्ये गेली आणि ती ज्यांना मिळाली, त्यांत पुढे थोर कादंबरीकार ठरलेले नात्सुमे सोसेकी होते. या दांपत्याच्या जीवनावर बेतलेली 'बाकेबाके' ही मालिका एनएचके वाहिनीने २०२५ च्या शरद ऋतूपासून दाखवली.

मात्सुए हे शिमाने प्रांताचे मुख्य ठिकाण. प्रांताची लोकसंख्या जेमतेम साडेसहा लाख. म्हणजे आपल्या एखाद्या मध्यम शहराएवढी. तरुण शहरांकडे गेलेले, शाळांचे पट आटलेले. येथे नेमणूक झालेल्या शिक्षकाला एका आठवड्यात अनेक शाळा फिराव्या लागणे नवलाचे नाही. 'जेवणाचा डबा विसरलात तरी चालेल, छत्री विसरू नका' अशी या किनाऱ्यावरची म्हण आहे. कोकणातल्या वाचकाला ती परकी वाटू नये. हिवाळ्यात तर घरे आतून गारठतात. मध्यवर्ती उष्णतेची सोय बहुतेक घरांत नसते. रॉकेलची शेगडी आणि रजई पांघरलेले, खालून ऊब देणारे 'कोतात्सु' मेज, हेच आधार. घर भाड्याने घेताना अनामत रकमेखेरीज घरमालकाला परत न मिळणारी 'आभाररक्कम' देण्याची प्रथा अनेक ठिकाणी टिकून आहे. कचरा कोणत्या वारी कोणता टाकायचा याचे वेळापत्रक चुकवले, तर पिशवी तशीच परत दिसते, आणि ती कोणाची हे साऱ्या गल्लीला ठाऊक असते.

पण याच गावात राहिल्याने जे पाहायला मिळते ते प्रवासी कंपनीच्या सहलीत मिळत नाही. मात्सुएचा किल्ला १६११ मध्ये पूर्ण झाला. मूळ लाकडी मनोरा शाबूत असलेल्या जपानातील मोजक्या किल्ल्यांपैकी तो एक असून २०१५ मध्ये त्याला राष्ट्रीय ठेव्याचा दर्जा मिळाला. त्याच्या खंदकातून नावा फिरतात. बुटके पूल आले की नावेचे छत खाली येते आणि प्रवाशांना वाकावे लागते. हिवाळ्यात याच नावांत कोतात्सु मांडतात. खंदकाकाठी हर्नचे घर जपून ठेवले आहे. संध्याकाळी शिंजी सरोवरावर सूर्यास्त पाहण्यासाठी गावकरीही थांबतात. याच सरोवरातल्या बारीक शिंपल्यांचे सूप येथे न्याहारीला असते. जवळच इझुमोचे महामंदिर आहे. चांद्र वर्षाच्या दहाव्या महिन्यात देशभरातील देव येथे जमतात, अशी श्रद्धा असल्याने इतरत्र 'देवरहित' म्हटला जाणारा हा महिना इझुमोत 'देवांचा महिना' ठरतो. इवामी येथील चांदीच्या खाणी २००७ पासून जागतिक वारसायादीत आहेत.

प्रवासखर्चाचे गणित मात्र पर्यटकाहून निराळे आहे. परदेशी पर्यटकांना मिळणारा 'जपान रेल पास' या शिक्षकाला मिळत नाही, कारण तो अल्पमुदतीच्या प्रवेशावर नसून निवासी असतो. (ऑक्टोबर २०२३ मध्ये सात दिवसांच्या पासची किंमत २९ हजार ६५० येनवरून एकदम ५० हजारांवर गेली, तेव्हा त्याला हळहळ वाटण्याचेही कारण नव्हते.) त्याचा आधार म्हणजे रात्रीच्या बसगाड्या आणि शाळांच्या सुट्यांच्या हंगामात निघणारे, केवळ साध्या गाड्यांना चालणारे 'सेइशुन १८' तिकीट. त्याचे पाच दिवस पूर्वी हवे तसे तोडून वापरता येत. २०२४ च्या हिवाळ्यापासून ते सलग वापरावे लागतात, आणि शनिवार-रविवार धरून फिरणाऱ्या नोकरदाराची त्यात गैरसोय झाली. टोकियोहून इझुमोला रात्रभर धावणारी 'सनराइज इझुमो' ही झोपण्याची सोय असलेली नियमित गाडी अजून टिकून आहे. ओकायामाहून मात्सुएला येणाऱ्या गाडीचे नाव 'याकुमो'. ओकायामाला गाडी बदलताना तेथील कोराकुएन उद्यान जरूर पाहावे. पुण्याचे पु. ल. देशपांडे उद्यान त्याच धर्तीवर घडवलेले असल्याने पुणेकराला ते पाहताना ओळखीचे माणूस भेटल्यासारखे वाटेल.

मालक कोण, हा खरा प्रश्न

जेटमधील शिक्षकाचा मालक म्हणजे स्थानिक स्वराज्य संस्था किंवा तिचे शिक्षण मंडळ. २०१२ पासून बराच काळ पहिल्या वर्षाचे वेतन ३३ लाख ६० हजार येन होते. येण्या-जाण्याचा विमानखर्च मिळतो, विमा असतो, घर शोधायला शिक्षण मंडळ मदत करते. करार एकेका वर्षाचा आणि मर्यादा पाच वर्षांची. सहावे वर्ष नाही. जपानी शिक्षकांच्याही दर काही वर्षांनी, १ एप्रिलला, बदल्या होतात; आपल्या जिल्हा परिषद शिक्षकांना हा प्रकार परिचित आहे. पण त्यांची बदली दुसऱ्या शाळेत होते, याची थेट देशाबाहेर.

मात्र जपानच्या शाळांत दिसणाऱ्या परदेशी सहायकांपैकी जेटमधले निम्म्याहून कमी आहेत. बाकीच्यांपैकी अनेकांना खासगी कंपन्या शाळांना 'पुरवतात'. निविदा काढून कमी दराच्या कंपनीला काम देण्याची पद्धत रुळली आणि त्याचा भार अखेर शिक्षकाच्या पगारावर आला. सुटीच्या महिन्यांत वेतन कापणे, आठवड्याचे तास सामाजिक विम्याच्या मर्यादेच्या जरा खाली ठेवणे, या तक्रारी शिक्षक संघटनांनी वारंवार मांडल्या आहेत. यातला एक विरोधाभास तर चमत्कारिक आहे. कंपनीशी कामाचे कंत्राट असेल, तर कायद्यानुसार शाळेतील जपानी शिक्षकाने या सहायकाला थेट सूचना देणे बसत नाही. मग दोघांनी मिळून वर्ग शिकवायचा कसा?

खासगी संभाषणवर्गांची कथा आणखी वेगळी. 'नोव्हा' ही त्या क्षेत्रातील सर्वांत मोठी कंपनी ऑक्टोबर २००७ मध्ये कोसळली, तेव्हा हजारो परदेशी शिक्षकांचे पगार थकले होते. घरे कंपनीमार्फतच घेतलेली असल्याने नोकरीबरोबर छप्परही धोक्यात आले. काहींनी जेवणाच्या बदल्यात इंग्रजी शिकवण्याची तयारी दाखवली, असे त्या वेळच्या बातम्यांत नमूद आहे. नोकरी, घर आणि निवासाचा परवाना या तिन्ही गोष्टी एकाच दोरीला बांधल्या तर काय होते, याचे हे उदाहरण.

मराठी तरुणांना यात एक अट विशेष अडवते. जपानच्या प्रवेशनियमांनुसार भाषेच्या सहायक शिक्षकाचे त्या भाषेच्या माध्यमातून किमान बारा वर्षांचे शिक्षण झालेले असावे लागते. मराठी माध्यमातून शिकून इंग्रजी साहित्यात एम.ए. प्रथम वर्गात उत्तीर्ण झालेला उमेदवार येथे अडतो, तर इंग्रजी माध्यमातून शिकलेला कोणत्याही विषयाचा पदवीधर पात्र ठरतो. नियम भाषेचे ज्ञान मोजत नाही, शाळेची पाटी पाहतो, असे म्हणणे भाग आहे.

जपानी शिकणाऱ्यांची परंपरा पुण्यात मोठी आहे. ज्यांचे जपानी उत्तम आहे त्यांच्यासाठी याच योजनेत 'आंतरराष्ट्रीय संबंध समन्वयक' हे दुसरे पद असते. त्यात काम नगरपालिकेत, भाषांतराचे आणि परदेशी पाहुण्यांच्या व्यवस्थेचे. दोन्हींसाठी अर्ज जपानी वकिलातीमार्फत करावा लागतो. अर्ज शरद ऋतूत मागवले जातात, मुलाखती वर्षाच्या आरंभी होतात. गाव निवडण्याची मुभा नाही, केवळ पसंती कळवता येते. नेमणूक कोणत्या प्रांतात झाली, हे निवड झाल्यानंतरच समजते.