कॅम्पातली टिंबे आणि दंड

पाट्यांवर कोणती भाषा वर असावी आणि किती मोठ्या अक्षरात, यावरून बेळगावात मोर्चे निघाले, पाट्यांना काळे फासले गेले. वाक्य संपल्यावर टिंब द्यायचे की उभी रेघ ओढायची, यावरून मात्र या शहरात कधी दगड उचलला गेल्याचे ऐकिवात नाही. खरे तर त्याला वाव भरपूर आहे. कॅम्प हा छावणीचा भाग, मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्रही याच शहरात. इथल्या पोराच्या कानावर आणि डोळ्यांवर मराठी, कन्नड, हिंदी, इंग्रजी आणि उर्दू अशा पाच भाषा रोज पडतात, आणि वाक्य संपवण्याची रीत या पाचांत एक नाही. मराठी, कन्नड आणि इंग्रजी टिंब देतात. हिंदी दंड ओढते. उर्दूत टिंबाच्या जागी छोटी आडवी रेघ येते, स्वल्पविराम उलटा होतो आणि प्रश्नचिन्ह आरशात पाहिल्यासारखे फिरते, कारण ती लिपी उजवीकडून डावीकडे चालते.

या सरमिसळीतून पहिला गैरसमज जन्मतो. देवनागरी लिपी म्हटली की दंडच हवा, टिंब ही इंग्रजीची नक्कल, असे अनेकांना वाटते. लिपी एक असली तरी रीत भाषेची असते. छापील मराठी गद्याने पूर्णविराम म्हणून टिंब स्वीकारले, गुजरातीनेही तेच केले. हिंदीने दंड ठेवला, वेगळ्या लिपीत लिहिल्या जाणाऱ्या बंगालीनेही ठेवला. हिंदीतली काही नियतकालिके तर टिंबच छापतात. त्यामुळे मराठी अर्जात टिंब दिले म्हणून ते परके ठरत नाही आणि दंड दिला म्हणून अर्ज अधिक देशी होत नाही, फक्त तो हिंदी वळणाचा दिसतो.

मराठीतून दंड हद्दपार झाला असेही नाही. ओव्या, अभंग आणि श्लोक छापताना चरण संपला की एक दंड आणि कडवे संपले की दोन, ही चाल आजही टिकून आहे. पण जुन्या मराठी हिशेबात याच रेघा वेगळे काम करीत. आकड्यापुढे एक उभी रेघ म्हणजे पाव, दोन म्हणजे अर्धा, तीन म्हणजे पाऊण. १। म्हणजे सव्वा, १॥ म्हणजे दीड, १॥। म्हणजे पावणेदोन. आजोबांच्या ट्रंकेत सापडलेल्या वहीत तांदळाच्या नोंदीपुढे ‘२॥’ दिसले, तर तिथे श्लोक संपलेला नाही, अडीच पायली किंवा अडीच मण तांदूळ आले आहेत.

दुसरा गैरसमज स्पर्धापरीक्षांच्या पुस्तकांनी पक्का केला आहे: मेजर थॉमस कँडी यांनी १८५० मध्ये विरामचिन्हांचा शोध लावला. चिन्हे युरोपी छपाईत आधीपासून होती आणि मराठी मजकूर कँडींच्या आधी छापलाही जात होता. विल्यम कॅरी यांचे मराठी व्याकरण श्रीरामपूरच्या छापखान्यातून १८०५ मध्येच बाहेर पडले होते. कँडी हे मोल्सवर्थ यांच्या कोशकार्यातले साथीदार, १८४७ च्या इंग्रजी-मराठी कोशाचे कर्ते. ‘विरामचिन्हांची परिभाषा’ या १८५० च्या पुस्तिकेत त्यांनी मराठीसाठी ही चिन्हे नीट मांडून दिली आणि सरकारी क्रमिक पुस्तकांच्या कामातून त्यांचे वळण पाडले. बेळगाव तेव्हा मुंबई इलाख्यात होते आणि १९५६ पर्यंत मुंबईकडेच राहिले. त्यामुळे पुण्याच्या मुलाने गिरवलेला स्वल्पविराम बेळगावच्या मराठी शाळेतही आला.

त्याआधीच्या मोडीकडे पाहिले की या बदलाचा आवाका कळतो. मोडीत पानभर आडवी रेघ आधी ओढायची आणि मग अक्षरे तिला टांगत जायची. शब्दांमध्ये जागा सोडायची नाही, वाक्याला शेवट दाखवायचा नाही. तरी त्याच लिपीत राज्ये चालली, कर्जे दिली-घेतली गेली, वतनाचे तंटे लढले गेले. चिन्हांशिवाय भाषा पांगळी असते, हे म्हणणे म्हणूनच पोकळ आहे. वाचणारा कारकून मुरलेला असेल तर त्याला चिन्हांवाचून अडत नाही. छापील पुस्तक अनोळखी माणसाच्या हाती पडू लागल्यावर मात्र ती लागतात.

कोरियाची कथा याच्याशी बरीच जुळते. हांगुल लिपीतही पूर्वी शब्दांमध्ये मोकळी जागा सोडत नसत. अशी जागा छापील पानावर पहिल्यांदा दिसली ती जॉन रॉस या स्कॉटिश मिशनऱ्याच्या १८७७ मधल्या भाषाशिक्षणाच्या पुस्तकात, आणि १८९६ च्या एका कोरियन वृत्तपत्राने ती रुळवली. इथे लष्करी मेजर, तिथे पाद्री. परक्या भाषेत चाचपडणाऱ्या माणसालाच जागा आणि थांबे यांची गरज आधी जाणवावी, हे स्वाभाविक म्हणायचे.

तिसरी गोष्ट रोज डोळ्यांत खुपणारी. लग्नपत्रिकेवर ‘वेळः’ आणि ‘स्थळः’ असे छापलेले असते. तो अपूर्णविराम नाही, विसर्ग आहे. प्रामाणिकपणे वाचायचे तर ‘वेळह’, ‘स्थळह’ असे वाचावे लागेल. उलट ‘दु:ख’ लिहिताना विसर्गाच्या जागी अपूर्णविराम ठोकला जातो. कागदावर दोन टिंबे ती दोन टिंबेच, पण संगणकाला ती वेगळी दिसतात. युनिकोडमध्ये विसर्ग हे ०९०३ क्रमांकाचे देवनागरी चिन्ह आहे, तर अपूर्णविराम हे सर्व लिप्यांचे सामाईक चिन्ह. त्यामुळे अपूर्णविराम घालून लिहिलेले ‘दु:ख’ शोधयंत्राला सापडेलच असे नाही. जुन्या पुस्तकांत यादीपूर्वी नुसती दोन टिंबे न देता पुढे आडवी रेघही जोडलेली दिसते. विसर्गाशी गफलत टाळायला ती फार उपयोगी होती. आज आळसाने गेली.

‘जिथे श्वास घ्यायचा तिथे स्वल्पविराम’ हा शाळेतला नियम भाषण वाचणाऱ्याला उपयोगी, लिहिणाऱ्याला घातक. ‘कॅम्पातल्या जुन्या बंगल्यांची कौलारू छपरे, पावसाळ्यात गळतात’ या वाक्यात दम लागला म्हणून दिलेला स्वल्पविराम कर्त्याला त्याच्या क्रियापदापासून तोडतो. स्वल्पविराम रचनेसाठी असतो. ‘काका आले’ म्हणजे काका दारात उभे आहेत. ‘काका, आले’ म्हणजे काका घरातच आहेत आणि दुसरेच कोणीतरी आल्याची वर्दी त्यांना मिळते आहे. यादीत ‘कुंदा, पेढे आणि करदंट’ एवढे पुरते. मराठीत ‘आणि’च्या आधी स्वल्पविराम लागत नाही. तो लावायची सवय इंग्रजी शाळेतून येते.

सीमाभागातल्या मराठीत खरी गंमत ‘की’ची. प्रमाण मराठीचे पुस्तक या शब्दाला मुख्यतः उभयान्वयी अव्यय म्हणून ओळखते. बेळगाव-निपाणीकडे तो वाक्याच्या शेवटी येऊन बसतो आणि ठासून सांगतो: ‘येतो की.’ ‘हाय की ओ!’ इथे त्याच्यापुढे पूर्णविराम किंवा उद्गारचिन्ह. ‘चहा घेतोस की कॉफी?’ इथे तो पर्याय पुढे करतो, आधी-नंतर काही नको, शेवटी प्रश्नचिन्ह. ‘मामा म्हणाले की बस चुकली’ इथे तो दोन वाक्ये जोडतो, आणि वर्तमानपत्रांत ‘म्हणाले की,’ असा स्वल्पविराम त्याच्या शेपटीला सर्रास लटकतो. ‘की’ पुढच्या वाक्याचा आहे, त्याला मागे बांधून पुढची वाट अडवण्यात अर्थ नाही. द्यायचाच असेल तर स्वल्पविराम ‘की’च्या आधी द्यावा. बोली कागदावर उतरवणाऱ्याला हे भान नसले, तर ‘चहा घेतो की’ हा होकार वाचकाला अर्धवट तुटलेला प्रश्न वाटतो.

प्रश्नार्थक शब्द दिसला की प्रश्नचिन्ह, हाही असाच यांत्रिक समज. ‘फिश मार्केटची बस कुठे थांबते हे त्याला ठाऊक होते.’ यात ‘कुठे’ आहे, पण कोणी काही विचारलेले नाही. ‘काय ओ मामा, लई दिवसांनी!’ यातला ‘काय’ तर नमस्काराच्या जागी आला आहे.

नावामागच्या टिंबांबद्दल थोडक्यात. ‘डॉ.’, ‘कु.’, ‘सौ.’ ही लघुरूपे, म्हणून टिंब. ‘चि. सौ. कां.’ यातली टिंबे लांब शब्द गिळून बसली आहेत. ‘श्री’ मात्र पूर्ण शब्द आहे, त्यातून काहीही गाळलेले नाही. त्याच्यापुढचे टिंब शेजाऱ्यांचे पाहून आले आणि रूढ झाले. चालवून घ्यावे, पण नियम म्हणून कोणावर लादू नये.

या सगळ्याचे नियम साहित्य महामंडळाने केले आहेत, असे छातीठोकपणे सांगणारे पुष्कळ भेटतात. महामंडळाचे नियम अठरा: १९६२ चे चौदा आणि १९७२ मध्ये वाढवलेले चार. ते अनुस्वार, ऱ्हस्व-दीर्घ आणि काही किरकोळ लेखनरूपांबद्दल आहेत. स्वल्पविराम कुठे द्यावा, याबद्दल त्यांत काही नाही. विद्यार्थी ते शिकतो मो. रा. वाळंबे यांच्यासारख्यांच्या व्याकरणाच्या पुस्तकांतून आणि मुद्रितशोधकाच्या लाल खुणांतून.

कोरियाने हे काम सरकारी केले. तिथल्या शुद्धलेखनाच्या नियमांना विरामचिन्हांचे परिशिष्टच जोडलेले आहे. त्यात वाक्य संपवणाऱ्या टिंबाचे अधिकृत नाव ‘ओन्जम’ होते, लोक मात्र त्याला ‘माछिम्प्यो’ म्हणत. स्वल्पविरामाचेही तसेच: नियमात ‘बान्जम’, लोकांच्या तोंडी ‘श्वीम्प्यो’. १ जानेवारी २०१५ पासून लागू झालेल्या दुरुस्तीत सरकारने लोकांची नावे मुख्य मानली आणि जुनीही चालतील असे म्हटले. कॅम्पातल्या पोराला असा निवाडा कोणी दिलेला नाही. मराठीच्या तासाला तो ‘स्वल्पविराम’ म्हणतो, कन्नडच्या आणि हिंदीच्या तासाला ‘अल्पविराम’, आणि वर्गाबाहेर तिन्ही भाषांत ‘कॉमा’.