काटा खाली नेल्याने डाळिंब लवकर थंड होत नाही

सोलापूर जिल्ह्यात सांगोला, पंढरपूर, मंगळवेढा या तालुक्यांत डाळिंबाच्या बागा मोठ्या प्रमाणावर आहेत. हस्त बहाराची फळे साधारणपणे फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये काढणीस येतात. उन्हाने तापलेला माल शीतगृहात आला, की तो लवकर थंड व्हावा म्हणून थर्मोस्टॅटचा काटा ५ अंश सेल्सिअसऐवजी १ किंवा २ अंशांवर नेण्याचा मोह होतो. त्याने वेळ वाचत नाही, नुकसान मात्र होऊ शकते.

थर्मोस्टॅट हा चालू-बंद करणारा खटका आहे. हवा ठरवलेल्या तापमानावर आली, की तो कॉम्प्रेसर बंद करतो. मोटारीने टाकी भरताना फ्लोट वर बांधला काय किंवा खाली काय, पाण्याची धार तेवढीच पडते. मोटार कधी बंद होणार एवढेच बदलते. त्याचप्रमाणे एकाच वेगाने फिरणारा कॉम्प्रेसर, काटा ५ वर असो वा १ वर, खोली ५ अंशांपर्यंत आणण्यास सारखाच वेळ घेतो. काटा खाली असल्यास तो पुढेही चालत राहतो व वीज जास्त लागते.

डाळिंब ५ अंशांखाली बरेच दिवस राहिल्यास सालीवर तपकिरी डाग व खड्डे पडतात, दाण्यांचा रंग फिका होतो व आतील पांढरे पडदे तपकिरी होतात. ही इजा अनेकदा माल बाहेर काढल्यावर, म्हणजे विक्रीच्या वेळीच उघड होते.

माल लवकर थंड होण्यासाठी पुढील काळजी घ्यावी :

१) काढणी सकाळी लवकर करावी व फळे लगेच सावलीत न्यावीत.
२) शक्य असल्यास पूर्वशीतकरण करून मगच माल साठवणीत ठेवावा.
३) छिद्रे असलेले क्रेट वापरावेत. थप्पी व भिंत यांत अंतर ठेवावे, पंख्यासमोर थप्पी लावू नये.
४) यंत्राच्या क्षमतेपेक्षा जास्त गरम माल एकाच दिवशी भरू नये.
५) दार वारंवार उघडू नये. बाष्पक कॉइलवर साचलेला बर्फ वेळोवेळी काढावा.

हवा ५ अंशांवर आली तरी फळाचा गाभा गरम असू शकतो. म्हणून दोन-चार फळांत तापमापकाची सुई खुपसून खात्री करावी. द्राक्षांना शून्य अंशाच्या आसपास तापमान लागते, त्यामुळे ती डाळिंबाबरोबर एकाच खोलीत ठेवू नयेत.