पाँपेईतली यक्षी कुठली?

इ.स. 79 मध्ये व्हेसुव्हियसचा उद्रेक झाला आणि नेपल्सच्या आखातावरचे रोमन धनिकांचे विलासी महाल राखेखाली गेले. जवळच्या पाँपेईतल्या एका घरात 1938 मध्ये पुरातत्त्वज्ञ अमेदेओ मायुरी यांना हस्तिदंताची एक भारतीय स्त्रीमूर्ती मिळाली. उंची वीतभर, अंगावर दागिन्यांखेरीज फारसे काही नाही, दोन्ही बाजूंना छोट्या दासी. तिला 'लक्ष्मी' म्हणण्याची प्रथा पडली, पण ती यक्षी असण्याचाच संभव जास्त. डोक्यात वरून भोक पाडलेले असल्याने ती आरशाची मूठ किंवा एखाद्या आसनाचा पाय असावी. म्हणजे पूजेची नव्हे, मिरवायची वस्तू. भारतीय चैनीपायी दरवर्षी पाच कोटी सेस्टर्स देशाबाहेर जातात अशी तक्रार करणारा रोमन लेखक थोरला प्लिनी त्याच उद्रेकात मेला, हा योगायोग मोठा बोलका आहे.

माझ्या मते ही मूर्ती दख्खनमध्ये घडली असावी. अजिंठ्याच्या दक्षिणेला, केळणा नदीकाठच्या भोकरदनला 1973 मध्ये नागपूर आणि मराठवाडा विद्यापीठांनी उत्खनन केले. तिथे सातवाहनकालीन हस्तिदंती स्त्रीमूर्ती निघाली. दासींसह उभी असलेली तिची ठेवण पाँपेईच्या मूर्तीशी जुळते. तेरलाही हस्तिदंती स्त्रीमूर्ती मिळाली आहे. पैठण आणि तेरचा माल गाड्यांनी भडोच बंदराला जात असे, असे 'पेरिप्लस' हा सागरी व्यापारावरचा जुना ग्रीक ग्रंथ सांगतो आणि भडोचच्या निर्यातीत हस्तिदंतही मोजतो. भोकरदनहून भडोचला निघालेल्या गाड्या अजिंठ्याचा डोंगर उतरूनच तापीच्या खोऱ्यात जाणार.

यावर पहिला आक्षेप असा की मूर्तीच्या तळाशी खरोष्ठी अक्षर आहे आणि ती लिपी वायव्येची. पण भडोचवर राज्य करणाऱ्या नहपानाच्या नाण्यांवरही ग्रीक आणि ब्राह्मीसोबत खरोष्ठी आहे. बंदरातल्या व्यापाऱ्याने किंवा जोडणी करणाऱ्या कारागिराने ते अक्षर कोरले असेल, तर वायव्येकडे जाण्याचे कारण उरत नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: अफगाणिस्तानातल्या बेग्रामला अशा हस्तिदंती स्त्रिया ढिगाने मिळाल्या. मात्र त्याच साठ्यात रोमन काच आणि चिनी लाखकामही होते. तिथे देशोदेशीचा माल येऊन पडला होता, एवढेच त्यावरून ठरते.

तरीही शैलीचे साम्य म्हणजे पुरावा नव्हे. कारागीर फिरतात, नमुनेही फिरतात. हस्तिदंताच्या समस्थानिकांची तपासणी केली, तरी हत्ती कुठे चरला एवढेच कळेल. मूर्ती कुठे कोरली हे ठरवायचे, तर भोकरदनच्या पांढरीत, म्हणजे जुन्या वस्तीच्या मातीत, कोरीवकामाचा चुरा आणि अर्धवट टाकलेले तुकडे शोधायला हवेत.