विश्लेषण : लिनक्समधून सदोष सॉफ्टवेअर ‘हद्दपार’ कसे होते?

अहिल्यानगर : उन्हाळी सुटीत कॉलेजच्या लॅबमधील संगणकांवर लिनक्सची नवी आवृत्ती टाकली जाते आणि जुलैमध्ये गेल्या वर्षीचा प्रोग्राम सुरूच होत नाही. आमच्या लॅबमध्ये असे झाले, तेव्हा सर्वांनी व्हायरसवर खापर फोडले होते. प्रत्यक्षात तो प्रोग्राम रीतसर काढून टाकलेला होता.

हा निर्णय कोण घेते?

‘डेबियन’चे उदाहरण घेऊ. उबुंटू आणि सी-डॅकची ‘बॉस’ ही भारतीय प्रणालीही त्यावरच आधारलेली आहे. डेबियनमधील प्रत्येक पॅकेजची जबाबदारी एखाद्या स्वयंसेवकाकडे किंवा गटाकडे असते. दोष आढळल्यास कोणीही तो नोंदवू शकतो. ‘क्रिटिकल’, ‘ग्रेव्ह’ किंवा ‘सीरियस’ अशी दोषाची नोंद झाली, की ते पॅकेज पुढच्या आवृत्तीसाठी अपात्र ठरते. मुदतीत दुरुस्ती न झाल्यास ‘टेस्टिंग’ शाखेतून ते आपोआप वगळले जाते. त्यावर अवलंबून असलेली पॅकेजेसही सोबत जातात. सुक्याबरोबर ओलेही जळते, म्हणून त्यांच्या सांभाळकर्त्यांनाही आधी ई-मेल जातो. दोषाच्या नोंदीवर कोणी काम करत असल्याचे कळवले, तर मुदत पुन्हा पहिल्यापासून मोजली जाते. ज्यांच्याविना प्रणालीच उभी राहणार नाही, अशी पॅकेजेस या आपोआप कारवाईतून वगळलेली आहेत.

‘टेस्टिंग’मधून गेलेले पॅकेज दुरुस्तीनंतर परत येऊ शकते. संपूर्ण भांडारातूनच काढायचे असेल, तर कारणासह वेगळी विनंती करावी लागते. पायथन २ चे तसेच झाले. त्याचा मूळ पाठिंबा १ जानेवारी २०२० रोजी संपला आणि जून २०२३ च्या ‘डेबियन १२’मध्ये ते उरले नाही.

नेहमी काढूनच टाकतात का?

नाही. मार्च २०२४ मध्ये ‘एक्सझेड’ या फाइल लहान करणाऱ्या साधनाच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत चोरवाट सापडली. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला दूरस्थ लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतो, एवढेच खटकले होते! एक्सझेड काढणे शक्यच नव्हते, कारण पॅकेज उघडायलाच ते लागते. म्हणून डेबियनने जुनी ५.४.५ परत आणली. मात्र संगणक मोठा क्रमांक पाहूनच अद्ययावत होतो. त्यामुळे तिला ‘५.६.१+रिअली५.४.५’ असे नाव द्यावे लागले. ‘स्टेबल’ आवृत्ती वापरणाऱ्यांपर्यंत ही चोरवाट पोहोचलीच नाही.

आपल्या संगणकाचे काय?

भांडारातून गेलेले पॅकेज तुमच्या संगणकावरून आपोआप पुसले जात नाही. खरा धोका इथेच आहे. ते चालत राहते, पण सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळणे थांबते आणि पडद्यावर सूचनाही येत नाही. लॅब सांभाळणाऱ्यांनी आवृत्ती बदलल्यावर ‘ऑब्सोलीट’ पॅकेजेसची यादी काढावी आणि त्यांना पर्याय शोधावा. एखाद्या प्रात्यक्षिकासाठी जुने पॅकेज हवेच असेल, तर डेबियनच्या ‘स्नॅपशॉट’ संग्रहात ते मिळते. तो संगणक मात्र इंटरनेटपासून दूर ठेवलेला बरा.