कुलूप बाहेरच्यासाठी, अडकतो आतला

नवी गाडी ताब्यात घेण्याचा सोहळा आता ठरून गेला आहे. बॉनेटवर सॅटिनची लाल फीत, झेंडूचा हार, चाकाखाली लिंबू, नारळ, पेढे आणि फोटोसाठी सगळ्या कुटुंबाच्या हातात दिलेली पुठ्ठ्याची भलीमोठी किल्ली. मग शोरूममधला तरुण गाडीची ओळख करून देतो. फोन ब्लूटूथला कसा जोडायचा, सनरूफ कसं सरकवायचं, रंग बदलणारे दिवे कुठे आहेत. मागच्या दाराच्या कडेला असलेली बोटाएवढीही नसलेली खिटी मात्र सहसा कुणी दाखवत नाही आणि कुणी विचारतही नाही. सोबतची जाडजूड पुस्तिका प्लॅस्टिकच्या पिशवीसकट डॅशबोर्डच्या कप्प्यात जाते, ती पुढच्या मालकापर्यंत तिथेच असते.

त्या पुस्तिकेतली किल्ली आणि कुलपांची पानं तरी वाचायला हवीत. गाडीचं कुलूप बनवणाऱ्याच्या डोळ्यांसमोर बाहेरचा चोर असतो. बातम्या चाळल्या तर मात्र त्याच कुलपाने गिळलेली माणसं आतली असल्याचं दिसतं, आणि त्यातही मुलं.

जून २०२३ मध्ये नागपूरच्या पाचपावली भागातून तीन लहान मुलं खेळता खेळता दिसेनाशी झाली. रात्रभर शोधाशोध झाली. दुसऱ्या दिवशी ती घराजवळच उभ्या असलेल्या एका एसयूव्हीत मृतावस्थेत सापडली. एप्रिल २०२४ मध्ये मुंबईत अँटॉप हिलला पाच आणि सात वर्षांची भावंडं अशीच एका उभ्या गाडीत गेली. मे २०२५ मध्ये आंध्र प्रदेशातल्या विजयनगरम जिल्ह्यात चार मुलं. गाडी कुलूप न लावता उभी होती, मुलं खेळायला आत शिरली, दार लागलं आणि त्यांना ते उघडता आलं नाही, एवढीच प्रत्येकाची हकिगत.

अशा वेळी लोक ‘गुदमरून’ म्हणतात, पण हवा संपण्याआधी उष्णता घात करते. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या डॉक्टरांचा २००५ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे. उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीतलं तापमान तासाभरात सरासरी २२ अंश सेल्सिअसने चढलं, आणि त्यातली ८० टक्के वाढ पहिल्या अर्ध्या तासातच झाली. बाहेरची हवा सुखद असतानाही आतली वाढ तेवढीच होती. काच थोडी खाली ठेवून फारसा फरक पडला नाही. लहान मुलाचं शरीर मोठ्या माणसापेक्षा तीन ते पाच पट वेगाने तापतं. ‘दोन मिनिटांत आलोच’ म्हणून झोपलेल्या बाळाला गाडीत ठेवून दुकानात शिरणाऱ्यांनी हे आकडे विदर्भातल्या मे महिन्याला लावून बघावेत.

त्यामुळे गाडी अंगणात असो, सोसायटीच्या पार्किंगमध्ये असो वा गॅरेजसमोर सहा महिने धूळ खात पडलेली असो, तिला कुलूप हवंच, डिकीलाही. मूल दिसत नाही म्हटल्यावर आपण विहीर, टाकी, गच्ची बघतो. त्या यादीत आसपासच्या उभ्या गाड्या आणि त्यांच्या डिक्या सर्वांत आधी याव्यात. अमेरिकेत १९९८ च्या उन्हाळ्यात तीन आठवड्यांत तीन ठिकाणी मिळून अकरा मुलं डिकीत अडकून दगावली. त्यानंतर सप्टेंबर २००१ पासून तिथल्या नव्या मोटारींच्या डिकीत आतून उघडण्याची सोय सक्तीची झाली. अंधारात चमकणारी एक मूठ, इतकीच ती सोय.

आता ती खिटी. मागचं दार उघडलं की त्याच्या जाडीच्या बाजूला, कुलपाच्या खाली किंवा वर, एक छोटी खिटी दिसते. काही गाड्यांत ती किल्लीच्या टोकाने फिरवावी लागते. हा चाइल्ड लॉक. तो लावला की आतली मूठ कितीही ओढा, दार उघडत नाही, बाहेरून मात्र उघडतं. धावत्या गाडीत चार वर्षांच्या मुलाने दार उघडू नये म्हणून हे उत्तमच. पण गाडी धुताना किंवा सामान ठेवताना ही खिटी नकळत सरकते, आणि मागे बसलेल्या आजी-आजोबांना ते गरज पडेपर्यंत कळत नाही. तपासायचं तर स्वतः मागे बसावं, दार लावून घ्यावं आणि आतून उघडून पाहावं. याच खिटीचा प्रवाशांविरुद्ध, विशेषतः महिलांविरुद्ध गैरवापर होऊ शकतो म्हणून टॅक्सींमध्ये ती नसावी, असा नियम केंद्र सरकारने २०१९ मध्ये लागू केला. टॅक्सीत बसण्याआधी दाराच्या कडेकडे एक नजर टाकायला काही लागत नाही.

चोराची बाजूही बघायला हवी, कारण तिथे कुलपांनी खरंच चांगलं काम केलं आहे. पश्चिम जर्मनीने साठच्या दशकाच्या सुरुवातीला जुन्या-नव्या सगळ्याच मोटारींना स्टिअरिंग लॉक सक्तीचं केलं आणि चोऱ्या घटल्या. ब्रिटनने १९७१ पासून ते फक्त नव्या गाड्यांना लावलं, तर चोर सरळ जुन्या गाड्यांकडे वळले. पुढे किल्लीच्या प्लॅस्टिकच्या डोक्यात चिप आली. ती ओळख पटवेपर्यंत इंजिन सुरू होत नाही, मग दातेरी पातं कितीही हुबेहूब कापून आणा. नेदरलँड्समधल्या अभ्यासकांच्या हिशेबानुसार या इमोबिलायझरमुळे तिथल्या मोटारचोऱ्या १९९५ ते २००८ या काळात सरासरी ४० टक्क्यांनी कमी झाल्या. चिप नसली तर काय होतं, हे अमेरिकेने २०२१-२२ मध्ये अनुभवलं. किया आणि ह्युंदाईच्या तिथल्या लाखो गाड्यांमध्ये खर्च वाचवण्यासाठी इमोबिलायझर दिला नव्हता. पोरासोरांनी यूएसबी केबलच्या टोकाने त्या सुरू करण्याचे व्हिडिओ टिकटॉकवर टाकले आणि शहरोशहरी चोऱ्यांची लाट आली.

खिशातून न काढता दार उघडणारी स्मार्ट किल्ली ही त्यापुढची पायरी, आणि खरं सांगायचं तर किंचित मागे पडलेलं पाऊल. गाडी जवळपास क्षीण रेडिओ संदेश सोडते, किल्ली त्याला उत्तर देते. किल्ली खरोखर जवळ आहे की कुणी संदेश लांबून आणून पोचवतंय, हे गाडीला कळत नाही. झुरिकच्या ईटीएच या संस्थेतल्या संशोधकांनी २०११ मध्ये आठ कंपन्यांच्या दहा मॉडेलांवर हा प्रयोग केला आणि दहाही गाड्या फसल्या. दोन चोर पुरतात. एक जण यंत्र घेऊन घराच्या दाराशी उभा राहतो, दुसरा गाडीपाशी. किल्ली आत चप्पल-स्टँडवर लटकलेली असते आणि बाहेर गाडी निघून जाते. काही नव्या गाड्यांनी हे अंतर मोजायचं तंत्र आणलं आहे, काही किल्ल्या हलल्या नाहीत तर झोपी जातात. तोवर साधा उपाय म्हणजे किल्ली दाराजवळ न ठेवता घट्ट झाकणाच्या धातूच्या डब्यात ठेवणं. डबा उपयोगाचा आहे का, हे बघायचं तर किल्लीसकट तो गाडीजवळ न्यावा आणि मूठ ओढावी. दार उघडलं तर दुसरा डबा शोधावा.

याच किल्लीची बॅटरी एखाद्या रात्री महामार्गावरच्या ढाब्यासमोर मान टाकते, तेव्हा भलेभले गांगरतात. बहुतेक स्मार्ट किल्ल्यांच्या पोटात धातूची साधी किल्ली लपवलेली असते. बाजूची छोटी कळ दाबून ती ओढून काढायची. दाराच्या मुठीवर भोक दिसत नसेल तर ते झाकणाखाली असतं, टोकाने ते झाकण उचकटावं लागतं. दार उघडल्यावर काही गाड्यांत भोंगा वाजू लागतो, त्याला घाबरायचं कारण नाही. मग ब्रेक दाबून किल्ली स्टार्टच्या बटणाला टेकवायची आणि बटण दाबायचं, बहुतेक गाड्या सुरू होतात. टेकवायची नेमकी जागा गाडीगणिक बदलते, म्हणून हे एकदा घरीच करून बघितलेलं बरं. बॅटरी बरेचदा सीआर २०३२ नावाची, नाण्यासारखी, घड्याळाच्या दुकानातही मिळणारी.

बटणाच्या गाड्यांचा आणखी एक स्वभाव असा की किल्ली दूर गेली तरी चालू इंजिन बंद पडत नाही. गाडी दोन-चारदा पीं पीं करते, इतकंच. स्टेशनवर सोडायला आलेली बायको गाडी घेऊन परत निघते, किल्ली नवऱ्याच्या खिशात राहून गाडीआधी कल्याण गाठते, आणि पेट्रोल पंपावर इंजिन बंद केल्यावर उलगडा होतो. हे हसण्यावारी नेता येतं. इंजिनाचा आवाज ऐकू न आल्याने गाडी बंदिस्त गॅरेजमध्ये चालूच राहणं मात्र जिवावर बेततं. घराला जोडलेल्या अशा गॅरेजमधून कार्बन मोनॉक्साइड पसरून अमेरिकेत २००६ पासून २८ जणांचे जीव गेल्याचं ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने २०१८ मध्ये मोजून दाखवलं. त्या वायूला वास नाही, रंग नाही. आपल्याकडे तळघरातल्या पार्किंगमध्ये एसी लावून ड्रायव्हर झोपतात, त्यांनाही धोका तोच.

बटणाची धावती गाडी बंद कशी करायची, हाही प्रश्नच आहे. ऑगस्ट २००९ मध्ये सॅन दिएगोजवळ महामार्ग पोलिसातला एक अधिकारी सुट्टीच्या दिवशी कुटुंबासह डीलरने तात्पुरत्या दिलेल्या लेक्ससमधून चालला होता. गाडीत दुसऱ्या मॉडेलचं मॅट टाकलेलं, त्यात ॲक्सिलरेटर अडकला. गाडीतले चौघेही गेले. धावत असताना ती बंद करायला बटण तीन सेकंद दाबून धरावं लागत होतं, आणि घाबरलेला माणूस बटण टकाटका दाबतो. आजच्या पुष्कळ गाड्यांत दाबून धरलं किंवा लागोपाठ तीनदा दाबलं तरी इंजिन बंद होतं. आपल्या गाडीत काय चालतं, ते पुस्तिकेत लिहिलेलं असतं. त्याआधी न्यूट्रल टाकणं आणि ब्रेक एकदाच घट्ट दाबून धरणं महत्त्वाचं. आणि बाजारातून आणलेलं जाडजूड मॅट पायाखाली सरकतंय का, तेही पाहायला हवं.

जुनी फिरवायची किल्ली निर्धोक, असं समजायचं कारण नाही. गाडीच्या किल्लीलाच घराची, दुकानाची, कपाटाची किल्ली, पितळी गणपती आणि बाटली उघडायचा आकडा असा पाव किलोचा जुडगा लटकवायची आपल्याला हौस. जनरल मोटर्सच्या कोबाल्ट आणि इतर काही गाड्यांमध्ये इग्निशनचा स्विच इतका सैल होता की जुडग्याच्या वजनाने किंवा खड्ड्याच्या हादऱ्याने किल्ली चालत्या गाडीत मागे फिरायची. इंजिन बंद, आणि त्याबरोबर एअरबॅगही. कंपनीतल्या काहींना हे वर्षानुवर्षं ठाऊक होतं. २०१४ मध्ये सुमारे २६ लाख गाड्या परत बोलावल्या गेल्या आणि भरपाई देणाऱ्या निधीने १२४ मृत्यूंचे दावे मान्य केले. दुरुस्ती होईपर्यंत कंपनीने मालकांना सांगितलं होतं की जुडग्यातलं बाकी सगळं काढून एकटी किल्ली वापरा.

जे त्या स्विचने न मागता केलं, ते आपल्या घाटांत लोक हौसेने करतात. उतार लागला की पेट्रोल वाचवायला इंजिन बंद आणि गाडी न्यूट्रल. इंजिन बंद झाल्यावर ब्रेकच्या बूस्टरमध्ये दोन-तीन दाबांपुरतीच शक्ती उरते, पुढे पेडल दगडासारखं होतं. पॉवर स्टिअरिंग जड होतं. किल्ली पूर्ण मागे फिरवून बाहेर काढली तर चाक वळणातच कुलूपबंद. नोव्हेंबर २०२२ मध्ये पुण्यात नवले पुलाजवळ एक अवजड वाहन उतारावरून येऊन अनेक गाड्यांवर आदळलं, तेव्हा चालकाने उतारावर इंजिन बंद केलं होतं, असं प्राथमिक तपासानंतर पोलिसांनी सांगितलं. बचतीचा हिशेबही खोटा आहे. इंजेक्शनच्या आधुनिक इंजिनात गाडी गिअरमध्ये उतरत असेल आणि ॲक्सिलरेटरवरून पाय काढला असेल, तर इंधन तसंही तोडलं जातं.

पाण्याचं गणित मुंबईकरांना २६ जुलै २००५ ला कळलं. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि काही लोक काचा चढवलेल्या, कुलूपबंद गाड्यांतच गेले. २९ ऑगस्ट २०१७ च्या पावसात शीवला एक तरुण वकील पाण्यात अडकलेल्या आपल्या गाडीत मृतावस्थेत सापडला. अर्धं दार पाण्याखाली गेलं की बाहेरचा दाब ते ढकलू देत नाही आणि विजेवरच्या काचा कधीही दगा देतात. म्हणून पाणी दाराशी आलं की आधी पट्टा सोडायचा, काच उतरवायची आणि बाहेर पडायचं. गाडी वाचवायचा विचार नंतर. काच फोडायची वेळ आलीच तर बाजूची, आणि तीही मध्यभागी न मारता कोपऱ्यात. समोरची काच थरांची असते, ती तडकते पण फुटून पडत नाही. काही महागड्या गाड्यांत आता बाजूच्या काचाही तशाच येतात, आणि अमेरिकेतल्या एएए या वाहनधारकांच्या संघटनेने २०१९ मध्ये तपासलेल्या काच फोडण्याच्या सहा साधनांपैकी एकालाही थरांची काच फोडता आली नाही. आपली काच कुठली, ते तिच्या कोपऱ्यावर बारीक अक्षरांत कोरलेलं असतं. हातोडी डिकीत ठेवणाऱ्यांनी ती हाताला लागेल अशी दाराच्या कप्प्यात आणावी. हेडरेस्टच्या दांड्याने काच फोडता येते, असं व्हॉट्सॲपवर फिरतं. जमलं तर जमलं, पण त्या भरवशावर राहू नये.

राहता राहिली दुसरी किल्ली. गाडी चोरीला गेल्यावर विमा कंपनी पोलिसांतल्या तक्रारीबरोबर दोन्ही मूळ किल्ल्या मागते, आणि एक ‘कुठेतरी होती’ असं सांगितलं की दावा रेंगाळतो. म्हणून ती गाडीच्या कप्प्यात नव्हे, घरच्या कपाटात असावी. जुनी गाडी विकत घेणाऱ्याने दोन्ही किल्ल्या हातात घेऊन, दोन्हींनी गाडी सुरू करून बघावी. एकच मिळत असेल तर अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये नवी बनवून घ्यावी आणि हरवलेलीची नोंद गाडीच्या संगणकातून पुसायला सांगावी. पुसली की त्या किल्लीने इंजिन सुरू होत नाही, पण दाराचं कुलूप तेच असल्यामुळे तिचं पातं दार मात्र उघडू शकतं.